गर्भवतीच्या औषधाची जोखीम कोणी पत्करायची?

गर्भवतीवर औषधांच्या चाचण्या करू नयेत, हे मत ऐकताक्षणीच मानवतावादी वाटते. त्याचा हिशोब मांडला की निराळे चित्र दिसते. चाचणी टाळल्याने जोखीम नाहीशी होत नाही. ती उत्पादकाच्या खांद्यावरून उतरते आणि आजारी स्त्रीच्या खांद्यावर जाऊन बसते.

या धोरणामागे थॅलिडोमाइडची भीती आहे. पश्चिम जर्मनीत १९५७ पासून विकल्या गेलेल्या या औषधामुळे जगभरात सुमारे दहा हजार बालके व्यंग घेऊन जन्मली. वस्तुतः ते गर्भावरील परिणामांची तपासणी न होताच बाजारात आले होते. त्यावरून अधिक कसोशीने तपासणी करण्याचा धडा घ्यावयास हवा होता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मात्र १९७७ साली मूल होण्याच्या वयातील स्त्रियांनाच प्राथमिक चाचण्यांतून वगळले. ही भूमिका १९९३ पर्यंत टिकली. झोल्पिडेम हे झोपेचे औषध स्त्रियांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडते. परंतु त्यांची मात्रा निम्मी करण्याची सूचना २०१३ साली, औषध वीस वर्षे विकले गेल्यावर निघाली.

गर्भावस्थेत हा प्रश्न अधिकच बिकट होतो. रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, मूत्रपिंडे अधिक वेगाने काम करतात. परिणामी कित्येक औषधांची रक्तातील पातळी घटते. दुखणे मात्र प्रसूतीपर्यंत थांबत नाही. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. गर्भवतीचा क्षय उपचाराविना ठेवणे हे नेहमीच्या औषधांपेक्षा आई व बाळ दोघांनाही अधिक घातक असते. स्ट्रेप्टोमायसिन तेवढे वर्ज्य, कारण त्याने गर्भाच्या श्रवणशक्तीला इजा पोहोचते. एवढे आपल्याला ठाऊक आहे. परंतु औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरील बेडाक्विलिनच्या मूळ चाचण्यांत गर्भवतींना स्थान नव्हते. कोविडची लसही त्यांच्याविनाच तपासली गेली. देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले आणि गर्भवतींना परवानगी मिळाली २ जुलैला. मधल्या काळात दुसरी लाट येऊन गेली.

यावर आक्षेप येईल की, आपल्या देशात अशा चाचण्यांचा बोजा गरीब स्त्रियांवरच पडेल. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच हे काम नफ्याच्या हिशोबावर सोडता कामा नये. अमेरिका व फ्रान्समध्ये मुख्यतः सार्वजनिक निधीवर झालेल्या एका चाचणीत एचआयव्हीबाधित गर्भवतींना झिडोव्हुडिन देण्यात आले. बाळाला लागण होण्याचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांशाने घटल्याचे १९९४ साली सिद्ध झाले. त्या स्त्रियांना वगळले असते, तर हे ज्ञान कोठून आले असते?

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. प्राण्यांवरील व गर्भवती नसलेल्या स्त्रियांवरील तपासणी आधी पुरी व्हावी. त्यानंतरच्या चाचण्या शासकीय खर्चाने, स्वतंत्र देखरेखीखाली, नुकसानभरपाईच्या हमीसह व्हाव्यात. गर्भावस्थेत औषध घेतलेल्या प्रत्येक स्त्रीची व तिच्या बाळाची नोंद राहावी, आणि ती बाळंतपणासाठी माहेरी गेली तर नोंद व औषध दोन्ही तिच्या मागोमाग तेथील आरोग्य केंद्रात पोहोचावीत. हे शेवटचे काम तर उद्यापासूनही होऊ शकते. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात त्याची चौकशी सुरू करावी.