हक्कसोडाची घाई कशाला?

बापाचे तेरावे उरकते, लेकी अजून माहेरीच असतात, तोच आधार कार्डे गोळा होतात आणि हक्कसोडपत्र नोंदवायला गाडी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाकडे निघते. आमच्या भवानी पेठेत बार्शी, मोहोळ, अक्कलकोटच्या खेड्यांतून नांदायला आलेल्या कितीतरी बाया आहेत. माहेरच्या सातबाऱ्यावर नाव टिकलेली मात्र शोधावी लागते.

कायदा कमी पडला म्हणावे, तर तसेही नाही. महाराष्ट्राने 1994 मध्येच अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला; 2005 मध्ये तो देशभर, विवाहित लेकींनाही मिळाला. बाप 9 सप्टेंबर 2005 रोजी, म्हणजे कायदा लागू झाला त्या दिवशी, हयात नसला तरी हक्क राहतो, हेही सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 रोजी सांगितले. एवढे सगळे एका नोंदणीकृत हक्कसोडपत्राने जाते, आणि वर ‘राजीखुशीने’ असे लिहिलेले असते.

भाऊ म्हणतात, लग्नात दिले की! दिले ते सासरच्यांना, आणि हुंडा तर 1961 पासून गुन्हा आहे. जमिनीचे तुकडे पडतील म्हणतात. चौघे भाऊ वाटून घेतात तेव्हा तुकड्यांची काळजी कुठे जाते? बहिणीचे नाव लागले म्हणून मधे बांध घालावाच लागतो असे नाही. भावाने कसावे, तिला खंड द्यावा.

माहेर तुटेल, ही भीती मात्र खरी आहे. सासरी जाच असलेली बाई तर त्याच भीतीने आधी सही करते. पण नवऱ्याने टाकल्यावर ती परत येते, तेव्हा त्या घरात तिचे कागदावर काहीच उरलेले नसते. रस्त्यासाठी जमीन गेली तर मोबदलाही सातबाऱ्यावरच्या नावांनाच मिळतो.

शेतकरी नेते शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत कितीतरी शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. बायकोपर्यंत आपण पोचलो, बहिणीपाशी अडलो!

माझी मागणी साधी आहे. मृत्यूनंतर सहा महिने हक्कसोडपत्र नोंदवूच नये. नंतरही अधिकाऱ्याने भावाला बाहेर बसवून बाईला विचारावे, आणि ती किती गुंठे सोडते व रेडीरेकनरने त्याची किंमत किती, हे कागदावर लिहून तिला वाचून दाखवावे. राजीखुशी खरी असेल तर ती सहा महिन्यांनीही असेल. वारसनोंद मात्र लेकींसह लगेच व्हावी. ती नोंद थांबवायचे कारण नाही.

– एक वाचक, भवानी पेठ, सोलापूर