बिनविस्तवाचा खाऊ

ओव्हनशिवाय पदार्थ करणं हा जर शोध असेल, तर प्रत्येक मराठी माणसाची आजी ही थोर शास्त्रज्ञच म्हटली पाहिजे. आमच्या घरांत ओव्हन होता कुठे? नानकटाई करायची तर रवा, मैदा, तूप, साखर डब्यांत भरून बेकरीवाल्याकडे न्यायची आणि भाजून झाली की मोजून परत आणायची. बाकी अख्खा संसार ओव्हनशिवायच पार पडला. तरी हल्ली 'शाळेतून आलेल्या मुलांसाठी ओव्हनशिवाय झटपट खाऊ' असं कुणी म्हटलं, की घरोघर ते भक्तिभावाने उतरवून घेतलं जातं!

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, पेशाने बँकेतला कारकून. कुठल्याही कृतीची मी आधी जमाखर्चाची बाजू बघतो. परवा अशीच एक 'सोपी' कृती हाती आली. साहित्य : आटवलेल्या गोड दुधाचा १ डबा, २४ बिस्किटं, लोणी, चॉकलेट, वर शोभेला बदाम. कृती : बिस्किटं चुरा, सगळं कालवा, थापा आणि ४ तास फ्रीजमध्ये ठेवा. ४ तास! पोरगं साडेपाचला दप्तर भिरकावून 'भूक, भूक' करतं. साडेपाच अधिक चार म्हणजे साडेनऊ. एवढं ताटकळायला तर गिऱ्हाईक आमच्या बँकेतही तयार नसतं. शिवाय बिस्किटं काय झाडाला लागतात? तीही भट्टीतलीच. म्हणजे भट्टी टळली नाहीच. आपल्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात वर्ग झाली, एवढंच.

आता वर्गच करायची, तर आपला भडभुंजा काय वाईट होता? भात भिजवून, भाजून, कुटला की पोहे होतात. चुरमुरे, लाह्या, डाळं, खारे दाणे या सगळ्यांचा विस्तव त्याने आधीच सोसलेला. मेतकुटाच्या डाळी भाजलेल्या, सातूचं पीठ भाजलेलं. घरी उरतं ते नुसतं कालवणं. पातळ पोह्यांना कच्चं तेल, तिखट, मीठ चोळा, झालं. दडपे पोहे हवेत? ओलं खोबरं, कांदा, कोथिंबीर, लिंबू नि चिमूटभर साखर घालून ताटलीखाली दडपा. त्या ओलाव्यातच पोहे मऊ पडतात. सकाळची पोळी कुस्करून तूप-गूळ घातला की लाडू. मॅगीच्या २ मिनिटांच्या शेवया १९८३ साली आपल्याकडे आल्या, पण त्यांना गॅस लागतो. आणि रिकाम्या घरात ९ वर्षांच्या पोराने गॅस पेटवावा, हे मला तरी बघवणार नाही.

आणि गोपाळकाला विसरू नका. गुरं राखायला गेलेल्या पोरांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र केल्या, कालवल्या नि खाल्ल्या. त्या काल्याच्या वेळी यशोदा तिथे नव्हती, हे ध्यानात घ्या.

माझं खरं भांडण इथेच आहे. या झटपट कृती सगळ्या आईला उद्देशून असतात. आमच्या मढहून नोकरीला निघालेल्या बाईचा दिवस बघा. सकाळी २७१ नंबरची बस धरून मालाड स्टेशन, नाहीतर जेट्टीवरून होडीने वर्सोवा आणि पुढची धक्काबुक्की. संध्याकाळी तेच उलट. घरी पोचायला साडेसात. तिने साडेपाचच्या भुकेसाठी आदल्या रात्री ११ वाजता चॉकलेटचे गोळे वळावेत, ही अपेक्षा! नाही वळले, की तिच्या नावे अपराध पडतो. बापाच्या खात्यावर मात्र काहीच नाही, कोरं पान. पहाटे मासळी घेऊन बाजाराला जाणाऱ्या कोळणीने कुठल्या गोळ्यांचा वर्ग लावला होता? तिच्या पोरांना डबा कुठल्या फळीवर आहे ते ठाऊक असतं, आणि तेवढं पुरतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : डबे खालच्या फळीवर आणा. पोह्यांचा, चुरमुऱ्यांचा, गुळाचा, दाण्यांचा. खोबरं बापाने सकाळी खवून ठेवावं. वर्तमानपत्र पाच मिनिटं उशिरा वाचलं तर जग बुडत नाही. बाकी कालवाकालव पोरांनी करावी, मुलगा असो की मुलगी. मढची हवा खारी नि दमट. झाकण नीट लावलं नाही, तर चुरमुरे सादळतात. एकदा सादळलेले चुरमुरे खाल्ले, की पोरं झाकण लावायला आपोआप शिकतात. 'पण सांडतील हो!' सांडू देत. केरसुणीसुद्धा खालीच असते.

आपले पोहे आपण कालवणारा मुलगा पुढे ऑफिसातून आलेल्या बायकोला 'खायला काय आहे?' असं विचारत नाही. हा पदार्थ मात्र ४ तासांत सेट होत नाही; त्याला चांगली १५-२० वर्षं लागतात. तेव्हा सुरुवात आज साडेपाचलाच केलेली बरी.