भिंतीवरची पाल आणि तिचे गणगोत

बोलता बोलता पाल चुकचुकली की बोलणे खरे ठरणार असे कोणी म्हणते, कोणाला त्यात अपशकुन दिसतो. आम्हांला मात्र या गृहवासिनीचे कौतुक वाटते. तिला पापण्या नसतात. डोळ्यांवर पारदर्शक खवला असतो आणि तो ती जिभेने पुसते. बोटांखालच्या आडव्या पट्ट्यांवर असंख्य सूक्ष्म रोम असतात. ती हवा शोषून भिंतीला चिकटते, असा पूर्वी समज होता. रोमांचे आणि भिंतीचे रेणू यांतील क्षीण आकर्षणावरच ती तोलून राहते, हे २००२ साली प्रयोगांनी दिसून आले. तिच्या शेपटीच्या मणक्यांत तुटण्याची जागा निसर्गानेच आखून ठेवलेली असते. नव्याने फुटलेल्या शेपटीत हाड नसते, कूर्चा असते.

दुधात पाल पडली तर दूध टाकावे हे योग्यच. पण ते तिच्या आतड्यातील जंतूंमुळे, विषामुळे नव्हे.

सरड्याचे कुळ निराळे. त्याला पापण्या असतात, अंग खरखरीत असते आणि शेपूट तो सहसा टाकीत नाही. विणीच्या दिवसांत बागेतल्या नराचा गळा लाल होतो. म्हणून खोडकर मुले त्याच्यामागे दगड घेऊन धावतात. खरा बहुरूपी शॅमेलिऑन. त्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरतात आणि जीभ शरीराहूनही लांब जाते.

सापसुरळीचे खवले गुळगुळीत, कौलांसारखे एकावर एक बसलेले, पाय आखूड. हिंदी मुलखात तिला बाम्हनी म्हणतात. सर्पासारख्या चालीमुळे ती विषारी ठरली आणि कित्येक घरांत हकनाक मारली जाते. तिला विष नाही.

घोरपड या साऱ्यांत थोर. तिची जीभ सापासारखी दुभंगलेली, नखे बळकट, आणि शेपटी तुटणारी नव्हे, तर फटका मारणारी. तिच्या साहाय्याने पूर्वजाने किल्ला सर केला म्हणून मुधोळ व संडूर येथील राजघराण्यांना घोरपडे हे नाव मिळाले, अशी परंपरा सांगते. इतिहासकारांनी त्याची खातरजमा करावी. उत्तरेकडे मात्र तिच्याच पिलाला ‘बिसखोपडा’ म्हणून काठीने ठेचतात. त्याच्या दंशाने माणूस जागीच मरतो ही निव्वळ दंतकथा आहे.

घोरपडीवरचे मोठे संकट वेगळेच आहे. पूजासाहित्यात ‘हाथाजोडी’ या नावाने, जोडलेल्या हातांसारखे दिसणारे एक ‘मूळ’ विकले जाते. लक्ष्मी नांदावी म्हणून ते शेंदूर लावून तिजोरीत ठेवतात. तपासणीत ते वनस्पतीचे मूळ नसून नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असल्याचे आढळले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत घोरपड येते. ती वस्तू विकणारा तर गुन्हेगार आहेच, श्रद्धेने घरात बाळगणाराही कायद्याच्या कचाट्यातून सुटत नाही.