हात वर करण्यापूर्वी वाचा!

बांधवहो, नगरपरिषदेत गेलेला आपला माणूस अंदाजपत्रक न वाचताच हात वर करीत असेल, तर त्याचा आपणांस उपयोग काय? पूर्वी पोथी भिक्षुकशाहीच्या बस्त्यात होती; आज १९६५ चा नगरपरिषद कायदा कचेरीच्या कपाटात आहे. न वाचणारा दोन्हीकडे नाडला जातो!

देऊळगाव राजाच्या नव्या सभासदांनो, मुख्याधिकारी सरकार नेमते, पण अंदाजपत्रक मंजूर करणारी सभा तुमची आहे. ठराव समजल्याखेरीज सही करू नका. निम्म्या जागा कायद्याने स्त्रियांच्या आहेत. त्यांच्या खुर्चीवर यजमान बसले, तर त्यांस उठवा. जोतीराव फुले १८७६ साली पुणे म्युनिसिपालिटीत गेले, ते माना डोलावण्यास नव्हे!

शेतकरी-कारागिरांनो, घरपट्टी भरता ना? मग हिशेबही मागा!