मृगयेचा अभ्यास कीं वर्तुळांची करमणूक?

अमेरिकेंत शरदाचे दिवस जवळ आले म्हणजे धनुष्यानें हरणाची शिकार करणारे हौशी लोक घरामागच्या अंगणांत नेम धरूं लागतात. २० यार्डांचें मोजून ठेवलेलें अंतर, सपाट जमीन आणि समोर रंगीत वर्तुळांचें लक्ष्य. त्यांत सहा बाण तळहाताएवढ्या जागेंत बसले कीं, हंगामाची तयारी झाली असें समजण्यांत येतें. आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, ही तयारी नव्हे, करमणूक आहे. आणि तिची किंमत शिकारी देत नाहीं, मुकें जनावर देतें.

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यांतील १९९१ ची दुरुस्ती यांनीं हौशी शिकार बंद केली. मग ही उठाठेव कशासाठीं, असें कोणी म्हणेल. परंतु जेथें ती कायदेशीर आहे, तेथें ती कशी व्हावी हा प्रश्न उरतोच, आणि तो दयेचा प्रश्न आहे. बाण हा बंदुकीच्या गोळीप्रमाणें धक्क्यानें मारीत नाहीं; तो कापतो आणि रक्तस्रावानें प्राण घेतो. म्हणून तो हृदय व फुप्फुसें यांच्या जागींच लागला पाहिजे, आणि हरणाच्या अंगावर ती जागा जेमतेम वीतभर असते. तेथून थोडा मागें बाण गेला तर पोटांत जखम घेऊन तें जनावर तासन् तास तळमळतें, आणि पुष्कळदा सांपडतही नाहीं.

आतां रानांतली स्थिति पाहा. शिकारी १५-२० फूट उंच मचाणावर, थंडीनें आंखडलेला, जाड कपड्यांत कित्येक तास बसलेला असतो. हरीण अंतर सांगून येत नाहीं. आडवें होऊन उभेंही राहत नाहीं. पहिल्या बाणानंतर दुसऱ्याची संधि बहुधा मिळत नाहीं. शिवाय रुंद पात्याचा बाण सरावाच्या टोंकदार बाणाप्रमाणेंच उडेल असें नाहीं. आधुनिक धनुष्याचा बाण सेकंदास सुमारें ८० मीटर जातो, तर प्रत्यंचेचा आवाज सुमारें ३४० मीटर. ३० यार्डांवरील सावध हरणास बाणाआधीं पाव सेकंद इशारा मिळतो. तें उडी घेण्यासाठीं खालीं दबतें आणि बाण वरून जातो. यांपैकीं अंगणांतल्या वर्तुळानें काय शिकविलें?

खरा अभ्यास निराळा आहे. सकाळीं हात तापण्यापूर्वीं एकच बाण सोडावा आणि त्या दिवसाचा निकाल त्यावरच लावावा. अंतर आधीं डोळ्यांनीं अजमावावें, मग मोजावें. मचाणावरून, कमरेंत वांकून, गुडघ्यावर बसून, शिकारीच्याच कपड्यांत, शिकारीच्याच पात्यांनीं नेम धरावा. हरणाच्या आकाराची प्रतिकृति तिरकी उभी करून बाण कोठून शिरून कोठें निघेल याचा विचार करावा. आणि ताणलेलें धनुष्य बाण न सोडतां सावकाश सैल करण्याचाही सराव असावा.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, सपाट मैदानावरच हात बसतो. खरें आहे, पण मुळाक्षरें गिरविणें म्हणजे निबंध लिहिणें नव्हे. दुसरा, होलेस ॲलन यांस १९६९ सालीं ज्याचें पेटंट मिळालें, त्या कप्प्यांच्या धनुष्यानें काम सोपें केलें आहे. कप्पीनें दंडाचा भार हलका केला, विवेकाचा नाहीं. १९११ सालीं कॅलिफोर्नियांत प्रगट झालेल्या याही जमातीच्या इशीपासून डॉ. सॅक्स्टन पोप यांनीं ही मृगया शिकून घेतली. दूरच्या वर्तुळावर इशीचा नेम सामान्य होता, असें पोप यांनींच नमूद केलें आहे. त्याचें खरें कौशल्य चाहूल न देतां सावजाच्या जवळ जाण्यांत होतें.

पक्ष्याच्या डोळ्याची गोष्ट सांगणारे विसरतात कीं, द्रोणाचार्यांनीं वर्तुळ आंखलें नव्हतें. झाडाच्या शेंड्यावर कृत्रिम पक्षी बसविला होता. आणि दशरथाचा शब्दवेध तर अचूक होता; बाण आवाजावर बरोबर लागला, पण तेथें हत्ती नव्हता, श्रावण होता. हाताचा अभ्यास पूर्ण आणि निर्णयाचा अपुरा, याचा परिणाम तोच. कोणता बाण सोडावयाचा नाहीं हें ज्यास आधीं ठरवितां येत नाहीं, त्यानें हंगामांत रानाकडे फिरकूं नये, असें आम्हांस वाटतें.