धाडस की सोय?

स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतात ऱ्होन नदीचं गोम्स नावाचं उंच खोरं आहे. गेल्या उन्हाळ्यात तिथल्या खडीच्या वाटांवर मी जाड टायरची ग्रॅव्हल सायकल भाड्याने घेऊन दोन दिवस एकटी फिरले. परतल्यावर जी ती म्हणाली, "केवढं गं धाडस!" हा शब्द मला खटकतो.

धाडस कसलं? फाट्याफाट्यावर सायकलींसाठी लाल पाट्या. नदीच्या सोबतीने जाणारा हा मार्ग राष्ट्रीय सायकलमार्ग क्रमांक १. वाटेत गावं आणि शेजारून रेल्वे. दमलं किंवा पाऊस आला, की सायकलचं तिकीट काढून गाडीत बसायचं. शूर नसलेल्या बाईलाही एकटीने फिरता यावं, अशी ही सोय आहे.

पण सोय कुणासाठी, हे ठरवायला मत लागतं. याच नदीच्या खोऱ्यात खाली उंटरबेख हे गाव आहे. बायकांना नागरी संरक्षणाची सक्ती करावी का, या प्रश्नावर ३ मार्च १९५७ रोजी तिथल्या ३३ जणींनी मतं टाकली. ती धरली गेली नाहीत. म्हणजे सक्ती बायकांवर, मत मात्र पुरुषांचं! देशपातळीवरचा मताधिकार मिळाला ७ फेब्रुवारी १९७१ला, तोही पुरुषांच्याच मतदानाने.

मैत्रिणींनो, मुलींना आपण "धीट हो" म्हणतो. त्याबरोबरच ग्रामसभेत, पालिकेत उठून विचारूया: रस्त्यावर दिवे कुठे आहेत? शेवटची एस.टी. किती वाजता? मुलीने रोज शूर का असावं?