रिकाम्या महिन्यांचं घर

दिवाळीचा फराळ संपत येतो तशी आपल्या मंडळातल्या निवृत्त मंडळींची पुण्या-मुंबईला जायची लगबग सुरू होते. निघायचं नोव्हेंबरच्या मध्याला आणि परतायचं एप्रिलमध्ये, बर्फ पुरता वितळल्यावर. चार-पाच महिने तिकडे, सात-आठ महिने इकडे, हे एकदा ठरलं की पाठोपाठ प्रश्न येतो: मिसिसागा-ब्रॅम्प्टनमधलं चार बेडरूमचं घर ठेवायचं की विकून काँडो घ्यायचा? गेल्या दोन वर्षांत दहा-बारा जणांनी मला हे विचारलं. मी प्रत्येकाला एकच सांगते, घर विका. घर निवडताना आपण तिथे राहू त्या महिन्यांचा विचार करतो. आपल्यासारख्या अर्ध्या वर्षाच्या रहिवाशांनी आपण तिथे नसू त्या महिन्यांचा विचार आधी करायला हवा.

हे आम्हाला फार उशिरा कळलं. आमचं घर 26 वर्षांचं. निघताना सगळं रीतसर केलं होतं. थर्मोस्टॅट 15 अंशांवर ठेवला, फ्रिज रिकामा केला, किल्ली एका स्नेह्यांकडे दिली. ते दर रविवारी येऊन घरभर चक्कर मारून जायचे. फेब्रुवारीत कडाक्याची थंडी पडली आणि गॅरेजवरच्या बाथरूमच्या भिंतीतला पाइप गोठला. पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढतं, तांब्याच्या पाइपाला ते पेलत नाही. आठवड्याच्या मधेच केव्हातरी तो फुटला. रविवारी स्नेही आले तेव्हा स्वयंपाकघराच्या छतातून धार लागली होती, हॉलमधल्या लाकडी फळ्या तळलेल्या पापडासारख्या कडांनी वर वळल्या होत्या आणि बेसमेंटमध्ये घोटाभर पाण्यात गणपतीच्या मखराची थर्माकोलची कमान तरंगत होती. त्यांनी व्हिडिओ कॉल करून सगळं दाखवलं. पुण्यात रात्रीचे साडेनऊ वाजले होते, आम्ही पानावर बसलो होतो. पाणी बंद करायची मुख्य झडप कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी इकडून सांगत होते, ते तिकडे गुडघाभर खोक्यांमधून वाट काढत शोधत होते. त्यात वीस मिनिटं गेली.

दुसरा तडाखा विमा कंपनीचा. हिवाळ्यात चार दिवसांहून जास्त घर बंद राहणार असेल, तर रोज कोणीतरी येऊन पाहायला हवं, नाहीतर पाणी बंद करून पाइप रिकामे करायला हवेत, अशी अट पॉलिसीत होती. कॅनडातल्या बऱ्याच पॉलिसींत ती असते. आठवड्यातून एकदा येणं त्या अटीत बसत नव्हतं. दावा नामंजूर झाला. कागदावर कंपनीचं बरोबर होतं. पण इतकी वर्षं हप्ते घेताना त्या ओळीवर बोट ठेवून कोणी दाखवलं नाही, याचा राग माझ्या मनात अजून आहे.

‘मग पाणी बंद करून जा, घर कशाला विकायचं?’ असं बरेच जण म्हणतात. पाणी बंद कराच. पण हिवाळ्यात घराचं तेवढ्याने भागत नाही. छपराच्या कडेला बर्फाचे बांध साचून पाणी आत झिरपतं. बर्फ पडून दोन दिवस झाले तरी ड्राइव्ह-वेवर चाकांची खूण नसेल, तर घर रिकामं आहे हे रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही कळतं. फर्नेस बंद पडली तर ते कळायलाही माणूस लागतो. आणि तो माणूस म्हणजे आपल्याच वयाचा, सत्तरीला टेकलेला मित्र. उणे वीसमध्ये, निसरड्या पायऱ्यांवरून, आपल्यासाठी. दुसऱ्याच्या चांगुलपणावर पाच महिने घर टाकून जाणं मला आता पटत नाही.

घराच्या बाजूने एक मुद्दा मात्र मी खोडू शकत नाही, तो बेसमेंटचा. आपल्या मंडळाची अर्धी नाटकं कोणा ना कोणाच्या बेसमेंटमध्ये बसली. आमच्याकडे सलग तीन वर्षं तालमी झाल्या, रात्री अकराला वीस जणांचा पिठलं-भात व्हायचा. काँडोत हे होत नाही. पार्टी रूम आरक्षित करावी लागते, ठरल्या वेळेला रिकामी करावी लागते. घर विकताना मला सर्वांत जड गेलं ते हेच. पण तालमींची जबाबदारी आता चाळिशीतल्यांनी घ्यावी. त्यांची बेसमेंटं आहेत, आणि ती हिवाळ्यातही गजबजलेली असतात.

‘काँडोची फी म्हणजे पाण्यात पैसे,’ हा आक्षेप मला मान्य नाही. छप्पर, फर्नेस, गवत, बर्फ हा खर्च घरातही होतोच. फक्त तो महिन्याला ठरावीक येत नाही, एकदम अंगावर येतो.

तरी डोळे झाकून काँडो घेऊ नका. ऑन्टारियोत स्टेटस सर्टिफिकेट मागता येतं. त्यासाठी जास्तीत जास्त 100 डॉलर घेता येतात आणि 10 दिवसांत ते द्यावं लागतं. ते वकिलाकडून वाचून घ्या. रिझर्व्ह फंडात किती पैसे आहेत, इमारतीवर दावे आहेत का, मालकांकडून जादा वर्गणी काढायचं ठरतंय का, हे त्यातून कळतं. इमारत 1990च्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या दहाएक वर्षांतली असेल तर ‘कायटेक’ पाइप आहेत का हे जरूर विचारा. त्यांचे जोड झिजून फुटतात आणि बदलायचा खर्च मालकावर येतो. शिवाय आपल्या डिशवॉशरची नळी सुटली तर पाणी खालच्या शेजाऱ्याच्या छतातून उतरतं, आणि इमारतीच्या विम्यातली सुरुवातीची रक्कम आपल्याकडून वसूल होऊ शकते. म्हणून स्वतःची वेगळी पॉलिसी हवी आणि निघताना झडप बंद हवी. फरक एवढाच की काँडोत ते एका मिनिटाचं काम आहे, आणि काही बिघडलंच तर इमारतीत चोवीस तास माणूस असतो का, हे आधी बघून घेता येतं.

काँडो टोरोंटो शहरात घ्यायचा की बाहेर, यानेही फरक पडतो. शहरात खरेदीवर प्रांताचा आणि शहराचा असे दोन हस्तांतरण कर लागतात, मिसिसागात एकच. टोरोंटोत रिकाम्या घरांवरचा करही आहे. 2022 आणि 2023 सालांसाठी तो 1 टक्का होता, 2024 पासून 3 टक्के आहे. कॅलेंडर वर्षात एकूण सहा महिने किंवा जास्त घर रिकामं राहिलं तर तो लागू होऊ शकतो, आणि आपण तिथे राहत असलो तरी दरवर्षी तसं जाहीर करावंच लागतं. पाच महिन्यांचा बेत असलेल्यांना भीती नाही. पण तिकडे आईचं आजारपण लांबलं, मुक्काम वाढला, तर दिवस मोजावे लागतात. तसेच ओहिपसाठी, म्हणजे प्रांताच्या आरोग्य विम्यासाठीही मोजावे लागतात: कोणत्याही 12 महिन्यांत 153 दिवस प्रांतात असणं बंधनकारक आहे.

आम्ही घर दुरुस्त करून विकलं आणि दोन बेडरूमचा काँडो घेतला. नातवंडं आली की हॉलमध्ये गाद्या पडतात. मखर एका तरुण कुटुंबाकडे दिलं.

तुम्ही घर ठेवायचं ठरवलंत तर निदान एवढं करा. या नोव्हेंबरला निघण्याआधी विम्याची पॉलिसी काढून घर बंद ठेवण्याची अट स्वतः वाचा. आणि ज्यांच्याकडे किल्ली देताय, त्यांना बेसमेंटमध्ये नेऊन पाण्याची मुख्य झडप दाखवा, त्यांच्या हाताने एकदा बंद करून घ्या.